हाजराच्या वाटेवर

मोहफुलं पडायला लागली की आमच्याकडची पहाट लवकर होते. मार्च सरत आलेला असतो. दुपारचं ऊन चटके देतं, पण पहाटे अजून अंगावर ओढणी घट्ट लपेटावी लागते. साडेतीन-चारच्या सुमारास बायका टॉर्च आणि टोपल्या घेऊन जंगलाच्या कडेला निघतात. मोह रात्रीतून गळतो. उजाडायच्या आत वेचला नाही तर तो ढोरं खातात, नाहीतर अस्वलं. फजरची नमाज आटोपून आम्ही घराबाहेर पडतो तेव्हा झाडाखाली वाकलेल्या या बायकांच्या अर्ध्या टोपल्या भरलेल्या असतात.

आम्ही धावायला निघालेलो असतो. सालेकसा गाव मागे पडलं, शेवटचा दिवा गेला की दुपट्टा कमरेला गाठ मारून बांधायचा आणि सुटायचं. असं कितीतरी दिवस चाललं होतं. एके दिवशी एका म्हाताऱ्या गोंड बाईने आम्हाला थांबवलं. तिने आधी आमच्या मागे पाहिलं, मग आमच्याकडे. म्हणाली, ''म्याडम, कोनी मांगं लागलं का?''

''नाही हो, आजी. असंच धावतो आम्ही.''

''असंच?'' तिला ते काही पटलं नाही. ''पळू नोका बाई. अस्वलाले डोळ्यानं कमी दिसते. चालत्या मानसाले वाट सोडते, पळत्याच्या मांगं लागते.''

त्या दिवशी आम्ही हसून पुढे गेलो. 'कोणी मागं लागलं का' हा प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. बाई धावताना दिसली की माणसाला पहिल्यांदा हेच सुचतं. एकतर कोणी तिच्या मागे लागलंय, नाहीतर ती कोणापासून तरी पळते आहे. ती तिच्या मर्जीने धावत असेल हे सगळ्यात शेवटी सुचतं, आणि तेही सुचलंच तर.

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिक्षिका आहोत. बी.एड. आहोत, वय छत्तीस. दोन मुलं आहेत. आमच्या घरात 'मैं' म्हणायची रीत नाही, लहानथोर सगळे 'हम'च म्हणतात. तीच सवय मराठी लिहितानाही सुटत नाही, तेव्हा वाचकांनी 'आम्ही' हा शब्द मोठेपणाचा समजू नये. शाळेत उर्दू, बाजारात आणि एस.टी.त मराठी, गाडीत हिंदी, आणि जंगलाच्या वाटेवर जमेल तितकी झाडीबोली, असा आमचा रोजचा कारभार. एका बाजूला मध्य प्रदेशातला बालाघाट, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड, आणि मधे महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला हा आमचा तालुका. 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा आम्ही प्राथमिक शाळेत होतो. नकाशात आपला जिल्हा कुठे रंगवायचा याचा त्या वर्षी बराच गोंधळ झाला होता.

आमच्या घराण्याला या मातीत आणलं ते रेल्वेने. दादाजान गँगमन होते. सालेकसा, दरेकसा, पुढे डोंगरगड, हा सगळा डोंगरातला रस्ता. दरेकस्याचा बोगदा इंग्रजांच्या काळचा. रात्रपाळीला हातात कंदील आणि खांद्यावर हातोडा घेऊन दादाजान रुळाच्या कडेने मैलोगणती चालायचे. सैल पडलेली किल्ली ठोकायची, रुळावर पडलेली फांदी बाजूला करायची आणि पुढे जायचं. अब्बा सांगायचे, दादाजानला अस्वलाची भीती होती, पण त्याहून जास्त भीती रुळाला तडा गेलेला आपल्या नजरेतून सुटेल याची होती. मागून येणाऱ्या गाडीत शेकडो माणसं झोपलेली असतात. ती आपल्या चालण्याच्या भरवशावर झोपलेली आहेत, असं ते म्हणायचे. आमच्या घरात पायांना किंमत आहे ती अशी.

त्याच घरात अम्मीचा एक पाय गेला. साखरेने. आधी अंगठ्याला जखम झाली, ती भरेना. मग बोट, मग पंजा, मग गुडघ्याच्या खालपर्यंत. अम्मी आयुष्यभर घराबाहेर फारशी पडली नव्हती. लग्न, मय्यत, दवाखाना आणि माहेर, एवढीच तिची चाल. पाय गेल्यावर एकदा ती म्हणाली, ''होता तेव्हा तरी कुठे नेला आम्ही त्याला?'' हे वाक्य आम्हाला अजून झोपू देत नाही.

2019 साली आमचीही साखर निघाली. उपाशीपोटीची 168. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, रोज पाऊण तास भरभर चाला. आम्ही चालू लागलो. आधी घराच्या गच्चीवर, मग मोहल्ल्याच्या मागच्या पांदणीने, मग दरेकस्याच्या रस्त्याने. एका पहाटे थंडी फार होती, अंग गरम व्हावं म्हणून चार पावलं धावलो आणि थांबावंसंच वाटेना. वर्गात पोरींना पी.टी.च्या तासाला 'दौडो' म्हणून सांगणं वेगळं आणि स्वतःच्या छातीतला भाता ऐकणं वेगळं. सहा महिन्यांत आम्ही न थांबता तीन किलोमीटर धावू लागलो. तीन महिन्यांची साखर साडेआठवरून साडेसहावर आली. डॉक्टर म्हणाले, काय करताय ते सोडू नका.

आमची वाट हाजराफॉलकडे जाणारी. दरेकसा स्टेशनजवळचा हा धबधबा आता जिल्हाभर माहीत झालाय. पावसाळ्यात गोंदियाहून, बालाघाटहून, राजनांदगावहून लोक येतात. या नावाचा आणि आमच्या हजरत हाजरांचा काही संबंध असल्याचं कोणी सांगत नाही. पण लहानपणी आम्हाला वाटायचं, हा धबधबा त्यांचाच. अम्मी गोष्ट सांगायची ती अशी : उजाड वाळवंट, पाण्याचा टिपूस नाही, तान्हा इस्माईल तहानेने टाचा घासतोय, आणि आई सफाच्या टेकडीवरून मरवाकडे, मरवावरून सफाकडे धावते आहे. सात वेळा. मग झमझमचं पाणी फुटलं. गोष्ट संपली की आम्ही विचारायचो, मग ते पाणी आपल्या हाजराफॉलला कसं आलं? अम्मी हसून म्हणायची, ''जिथे आई धावते तिथे पाणी येतंच.''

मोठेपणी या गोष्टीचा आणखी एक पदर ध्यानात आला. हज किंवा उमऱ्याला गेलेला प्रत्येक माणूस ही सई करतो. सात फेऱ्या मिळून तीन किलोमीटरच्या वर अंतर होतं. त्यात दोन हिरव्या खुणांमधला एक टप्पा आहे, तिथे पुरुषांनी धावायचं आणि बायकांनी आपल्या चालीनेच चालायचं. उलेमांनी त्याची कारणं दिली आहेत, गर्दीची आहेत, पडद्याची आहेत. आमची त्यांच्याशी हुज्जत नाही. पण एवढं मनात आल्याशिवाय राहत नाही, की बादशहापासून मजुरापर्यंत सगळे पुरुष तिथे एका बाईचं धावणं धावतात. एकट्या बाईचं, उघड्या माळावरचं. पैगंबर साहेबांनी हजरत आयेशांबरोबर धावण्याची शर्यत लावल्याची रिवायत अबू दाऊदमध्ये आहे, तीही आम्ही वर्गात शिकवतो. पोरी ऐकून खुदकन हसतात. हसून झालं की त्यांच्या डोळ्यांत एक प्रश्न असतो, तो आम्हाला वाचता येतो.

त्यातली एक पोरगी शिकून पुढे गेली. दहावी आमच्या हाताखालून, बारावी दुसरीकडून. बाप सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो. तिच्या मनात पोलीस भरती होती. आमच्या भागात हे काही नवल नाही. 'दरेकसा दलम' हे नाव ऐकत आम्ही मोठे झालो. खाकी वर्दीची इथे भीती आहे तशी ओढही आहे. पहाटे रस्त्यावर पोरं धावताना दिसली की समजावं, भरती निघाली आहे. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे मीटर. कुणबी, पोवार, गोंड, महार अशा घरच्या मुली आताशा धावताना दिसतात. आमच्या मोहल्ल्यातली एकही नव्हती.

पोरीने बापाला सांगितलं, ''मॅडम धावतात.'' बाप आमच्याकडे आला. दारातच उभा राहिला. अदब राखून विचारलं, ''मॅडम, पोरगी म्हणते तुम्ही सकाळी धावता. खरं का?''

आता इथे आमचा कसूर लिहायचा आहे, म्हणूनच हा लेख लिहायला घेतला. त्याच आठवड्यात शाळेत एक निनावी चिठ्ठी आली होती. मजकूर एवढाच, की उस्तानी अंधारात रस्त्याने पळते, त्याचा पोरींवर काय असर होईल. ज्यांच्या हाती कारभार होता त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. रागावले नाहीत. चहा पाजला आणि 'जरा जपून' म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. 'जरा जपून'शी भांडता येत नाही. घरीही सासूबाई अबोल झाल्या होत्या. अशा दिवसांत हा बाप दारात. आम्ही म्हणालो, ''छे हो. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून थोडं चालतो, इतकंच.''

त्याने मान हलवली, सलाम केला आणि गेला. आठ दिवसांनी कळलं, पोरीचं धावणं बंद झालं. तिने आम्हाला काही विचारलं नाही. रस्त्यात दिसली की सलाम करायची, पण नजर खाली. आम्हीही धावणं सोडलं. लोकांनी सोडायला लावलं असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्या पोरीच्या देखत धावण्याचं तोंड आम्हाला उरलं नव्हतं. चार महिन्यांत साखर पुन्हा वर चढली.

मे 2023 मध्ये आम्ही मुरूडला गेलो. आमची नणंद तिकडे दिली आहे. गोंदियाहून दुपारची विदर्भ एक्स्प्रेस, दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई, तिथून गेटवेची लाँच धरून मांडवा, अलिबाग, मग रेवदंड्याची खाडी ओलांडून काशीदवरून एस.टी.ने मुरूड. महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. मुलांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. धाकटा विचारत होता, ''एवढं पाणी कोणी भरलं?''

नणंदेचं घर नारळी-सुपारीच्या वाडीत. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातल्या वाड्या झोपल्या होत्या. नव्या सुपाऱ्या आता कुठे माणसाच्या उंचीच्या झाल्या होत्या. तिची सासू सत्तरीची, कोकणी मुसलमान, बोलणं चटपटीत. त्यांच्या कोकणीतला अर्धा शब्द आम्हाला कळायचा, आमच्या उर्दूतला अर्धा त्यांना. मराठीवर येऊन दोघींची गाठ पडायची. दोन मुसलमान बायकांना एकमेकींशी मन मोकळं करायला मराठी लागली, हे उर्दूच्या शिक्षिकेने कबूल केलं पाहिजे.

नणंदेने आमच्या धावण्याची गोष्ट घरात आधीच सांगून ठेवली होती. तिसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंनी आम्हाला उठवलं. म्हणाल्या, ''ओहोटी आहे. ओल्या वाळूवर धाव, सुक्या वाळूत पाय मुरगळतो.'' आम्ही म्हणालो, लोक बघतील. त्या म्हणाल्या, ''बघू देत की. आम्ही पोरी असताना ओहोटीला तिसऱ्या वेचायला धावतच जायचो. भरती काय थांबते कोणासाठी?'' त्या पहाटे कित्येक महिन्यांनी आम्ही धावलो. एका बाजूला समुद्र, समोर दूर पाण्यात जंजिऱ्याचा किल्ला धूसर दिसत होता. कोळी लोक होड्यांशी कामात होते. कोणीही मान वर करून पाहिलं नाही.

मुरूडच्या पाठीशी डोंगर आहे आणि डोंगरात फणसाडचं जंगल. सिद्दी नवाबांच्या वेळी ही त्यांची राखीव शिकारगाह होती. जंजिरा संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं आणि 1986 साली हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं. मुरूड शहराला पाणी मिळावं म्हणून नवाबांच्या काळात गारंबीला बंधारा बांधला गेला, तोही याच डोंगरात. या संस्थानाचा कारभार काही वर्षं एका बाईच्या हाती होता, हे आम्हाला तिथे जाऊन कळलं. 1922 मध्ये सिद्दी अहमद खान वारले, मुलगा लहान होता, तेव्हा 1933 पर्यंत कुलसुम बेगम यांनी राज्य सांभाळलं. आम्ही इतिहास शिकवतो, चाँदबीबी शिकवतो, रझिया सुलतान शिकवतो. हे नाव आमच्या शिकवण्यात कधी आलं नव्हतं.

त्या घरातली एक नात केपटाऊनला असते. कोकणातले कितीतरी मुसलमान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत गेले, त्यांतले बरेच या हबसाण भागातले, म्हणजे जंजिरा संस्थानातले. त्या नातीने मोबाईलवर आम्हाला तिची धावायची वाट दाखवली. टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानातली. एका अंगाला खाली समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, गुडघाभर उंचीची फुलझुडपं आणि मधून माणसांच्या पायांनी घट्ट झालेली वाट. अशा वाटांवर तिकडे बायका-पुरुष सुट्टीच्या दिवशी सर्रास धावतात. 1970 पासून तिथे टू ओशन्स नावाची छप्पन्न किलोमीटरची शर्यतही होते. पोरगी डोक्याला रुमाल बांधून, लांब बाह्यांचा कुडता घालून धावत होती. आम्ही विचारलं, भीती नाही वाटत? म्हणाली, ''वाटते ना, बबूनची. खाऊ दिसला की पिशवी ओढतात.'' एवढीच तिची भीती! आम्हाला हेवा वाटला. लपवून काय उपयोग?

त्याच हेव्यापोटी ठरवलं की फणसाडच्या वाटेवर आपणही धावायचं. समुद्राजवळचं जंगल तिकडे आहे तसं इकडेही आहे. सकाळीच सुपेगावच्या फाटकावर पोचलो. प्रवेशाची पावती घेतली. सोबत वनखात्याचा एक माणूस दिला. वाट फार सुंदर होती. पायाखाली सुकलेली पानं, दोन्हीकडे उंच झाडं, आणि झाडांवरून झाडांवर गेलेले गारंबीचे वेल, माणसाच्या मांडीएवढे जाड. त्यांच्या शेंगा हातभर लांबीच्या. मुलांनी त्या तलवारीच समजल्या. आम्ही दुपट्टा बांधला आणि पहिली दहा-वीस पावलं धावलो असू, तोच मागून आवाज आला.

''मॅडम, थांबा. इथं धावायचं नाही.''

आमच्या अंगाचा तिळपापड झाला. मनात म्हटलं, हे इथेही आलंच का! चारशे कोस चालून आलो, इथेही एक पुरुष सांगतोच आहे, बाई, धावू नको. आम्ही जरा तिखटपणेच विचारलं, ''का? बायकांना मनाई आहे का?''

तो गोंधळला. म्हणाला, ''नाही हो मॅडम, सगळ्यांनाच. या महिन्यात पाणी फक्त गाणांवर असतं.'' गाण म्हणजे तिथला पाणवठा. अशा कितीतरी गाणी या जंगलात आहेत, चिखलगाण, फणसाडगाण अशा नावांच्या. फणसाडचं नावही त्यावरूनच. मग त्याने हळू आवाजात समजावलं. ''भेकर, सांबर लांबून चालत पाण्यापर्यंत येतं. झाडीत उभं राहून अंदाज घेतं. माणूस धावत आला की पाणी न पिताच मागे फिरतं. मग रात्रीपर्यंत येत नाही. मे महिन्यात एक वेळ पाणी चुकलं तर पोटात पिल्लू असलेल्या मादीचं काय होईल, तुम्हीच सांगा. शिवाय बिबट्या आहे. धावणारी वस्तू दिसली की त्याला ती शिकारच वाटते.''

सालेकस्याची मोह वेचणारी आजी आणि हा मुरूडचा वनखात्याचा माणूस. मध्ये अख्खा महाराष्ट्र, आणि दोघांचं बोलणं एकच.

आम्ही चाललो. हळूहळू, पाय न वाजवता. पुढे गाणीपाशी त्याने खुणेने बसवलं. बराच वेळ काही दिसेना. मग वर फांदीवर शेकरू आलं. तांबूस, झुपकेदार शेपटीचं. आपल्या राज्याचा हा मानाचा प्राणी आम्ही पुस्तकातच दाखवत आलो होतो. ते या झाडावरून त्या झाडावर सरळ उडीच घेत होतं, जमिनीला पाय न लावता. मुलं श्वास रोखून बघत होती. पाण्याच्या कडेला ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, ताजे. कोणीतरी पाणी पिऊन गेलं होतं.

तिथे बसल्या बसल्या अम्मीची गोष्ट आठवली. हजरत हाजरा धावल्या त्या लेकराच्या पाण्यासाठी. आणि आम्ही इथे धावलो असतो तर कुणाच्या तरी लेकराचं पाणी तोडलं असतं. मग मोहल्ल्यातली मनाई आठवली आणि ही मनाई तिच्याशेजारी ठेवून पाहिली. दोन्ही वाक्यं एकच आहेत, 'धावू नका'. पण एका मनाईच्या मागे कोणाचा तरी जीव आहे. दुसरीच्या मागे काय आहे? आमच्या धावण्याने सालेकस्यात कोणाचं पाणी तुटत होतं? कोणाचंच नाही. उलट आम्ही थांबलो तेव्हा एका पोरीचं तुटलं. मनाई कोणती मानायची आणि कोणती नाही, हे ठरवायला आम्हाला बी.एड.ला कोणी शिकवलं नव्हतं. फणसाडच्या त्या माणसाने अर्ध्या तासात शिकवलं. मनाई आली की एवढंच विचारायचं, ही कोणासाठी?

परत आलो तेव्हा जून लागला होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही सायकलच्या दुकानावर गेलो. पोरीचा बाप चाक उलटं टांगून त्याचा आऊट काढत होता. आम्ही उभ्याउभ्याच सांगितलं, ''भाई, त्या दिवशी आम्ही खोटं बोललो. आम्ही धावतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं. धावतो ते आमच्या मर्जीनं.''

तो चाक फिरवत राहिला. तारेला पाना लावला, थोडा कसला, पुन्हा चाक फिरवलं. मग आमच्याकडे न बघता म्हणाला, ''मॅडम, त्या दिवशी हे म्हणाला असता तर मी घरी जाऊन हेच सांगणार होतो. पोरीची आई राजी होती. बिरादरीला काय सांगायचं, तेवढाच सवाल होता. मला वाटलं होतं, सांगेन, मॅडम धावतात. तुम्हीच नाही म्हणाला, मग मी कोणाच्या जोरावर हो म्हणणार?''

याला आमच्याजवळ उत्तर नव्हतं, आजही नाही. आपण समजतो, बाप आडवा येतो, बिरादरी आडवी येते. कधीकधी बाप आपल्या एका शब्दासाठी दारात उभा असतो आणि आपण त्याला रिकाम्या हाती परत पाठवतो. बुजुर्गांवर, मौलवींवर, मोहल्ल्यावर लिहायला लेखणी चटकन उचलते. शिकलेल्या माणसाच्या भित्रेपणावर कोणी लिहीत नाही.

पोरगी पुन्हा धावू लागली. अटी होत्या. सैल सलवार-कमीज, डोक्याला रुमाल, आणि आई बरोबर. आम्ही सगळ्या अटी कबूल केल्या. आमचीही एक अट आम्ही घातली. जंगलातल्या नाल्याजवळची वाट उन्हाळ्यात बंद. मोहाच्या दिवसांत अंधारात त्या बाजूला जायचंच नाही, ते बायकांचं आणि अस्वलांचं ठरलेलं आहे, त्यात तिसऱ्याचं काम नाही. रस्त्याचा एक सरळ तुकडा आम्ही निवडला. दुकानातून मोजपट्टी आणून आठशे मीटर मोजले. सुरुवातीला पुलाचा कठडा आणि शेवटी पळसाचं झाड. शर्यतीतल्या लोकांच्या घड्याळांऐवजी आमच्याकडे पोरीच्या आईचा मोबाईल.

आई कठड्यावर तसबीह घेऊन बसायची. पोरगी निघाली की मोबाईलचं बटण दाबायचं आणि दाणे मोजायचे, हे दोन्ही एकदम. महिनाभराने ती म्हणाली, बसून बसून कंबर धरते, तोवर मी थोडं चालून येते. चालता चालता एक दिवस तिने आम्हाला हळूच सांगितलं, ''मॅडम, साखर मलाही आहे. कोणाला सांगितलं नाही.'' आता ती पळसापर्यंत जाऊन येते.

2024 च्या भरतीत पोरीने आठशे मीटर वेळेत काढले. गोळाफेकीत कमी पडली, यादीत नाव आलं नाही. घरी आली, दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी पहाटे कठड्यापाशी हजर. आता ती गोळ्याचा सराव करते. बापाने दुकानातले भंगार छर्रे कापडात शिवून चार किलोचा गोळा बनवून दिला आहे. तो स्वतः रस्त्यावर येत नाही. अंधारात दिसावं म्हणून त्याने पोरीच्या पाठीवर सायकलचा लाल रिफ्लेक्टर मात्र शिवून दिला. ती पुढे गेली आणि मागून गाडी आली की तो चमकतो.

चिठ्ठी पुन्हा आली नाही असं नाही. आली. या वेळी आम्हाला चहाला बोलावलं तेव्हा आम्ही जे आहे ते सांगितलं आणि साखरेचे दोन्ही रिपोर्ट टेबलावर ठेवले, धावत होतो तेव्हाचा आणि सोडलं होतं तेव्हाचा. त्यांनी ते बराच वेळ वाचले. मग म्हणाले, ''माझी बायको येऊ शकेल का?'' अजून आलेली नाही. पण विचारलं आहे.

गेल्या मार्चमध्ये मोहाच्या झाडाखाली ती म्हातारी आजी पुन्हा भेटली. आम्ही तिघी होतो आणि चालत होतो. तिने टोपलीतली मूठभर फुलं आमच्या ओंजळीत टाकली. ''आज पळत नाही का?'' तिने विचारलं.

''रस्त्यावर गेल्यावर पळू, आजी,'' आम्ही म्हणालो. ''इथं तुमचं चालू द्या.''

फुलं अजून दवाने ओली होती. पोरीने एक तोंडात टाकलं आणि आम्ही तिघी रस्त्याकडे वळलो.